समुद्राच्या पोटात कॅमेरा

बालमित्रांनो, आपल्या अमरावती-अकोल्यापासून समुद्र लांब. पण त्याचं एक गुपित घरच्या बादलीतच आहे! तळाशी रुपया टाका अन् वरून पाहा. वर आल्यासारखा दिसतो ना? तसाच मालवणच्या समुद्रात ४ मीटरवरचा मासा कॅमेऱ्याच्या सपाट काचेतून ३ मीटरवर भासतो.

मग दुरूनच झूम करायचं? छे! मधलं पाणी चित्र धूसर करतं अन् लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. म्हणून जवळ जायचं. प्रवाळांच्या देखाव्याला वाइड-अँगल लेन्स, इवल्याशा जिवाला मॅक्रो. (मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळाला हात लावायचा नाही हं!)

अन् मेगापिक्सेल? गढूळ पाण्यात १२ काय नि ४८ काय! पालकहो, खर्च करायचाच तर आधी लेन्स अन् दिव्यावर करा.