लाटलेल्या पत्र्यातील विषमदिकता : प्रतिमानाची निवड

प्रस्तावना : बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव चांदीच्या व्यवसायामुळे ‘रजतनगरी’ म्हणून ओळखले जाते. धातू चांदी असो वा पोलाद, लाटलेल्या पत्र्याची गोल चकती साच्यातून ओढून वाटी केली की तिची कड बहुधा सपाट राहत नाही. ठरावीक अंतरांवर ‘कान’ उभे राहतात व ते कापावे लागतात. लाटताना धातूचे स्फटिककण विशिष्ट दिशांना वळतात. त्यामुळे पत्रा सर्व दिशांना सारखा ताणला जात नाही. या गुणधर्मास विषमदिकता म्हणतात.

मापन : लाटण्याच्या दिशेशी ०, ४५ व ९० अंशांचा कोन करून कापलेल्या पट्ट्या ताणतात. रुंदीतील विकृतीस जाडीतील विकृतीने भागले असता ‘र’ हा गुणांक मिळतो. लँकफर्ड व सहकाऱ्यांनी तो १९५० मध्ये मांडला. सुघट्य विरूपणात घनफळ कायम राहते. म्हणून लांबीतील लघुगणकी विकृती ०.२० व रुंदीतील उणे ०.१२ असल्यास जाडीतील उणे ०.०८ येते आणि र = १.५ ठरतो. र जितका मोठा, तितका पत्र्याचा पातळ होण्यास विरोध अधिक. ० व ९० अंशांवरील र-मूल्यांची सरासरी ४५ अंशांवरील मूल्याहून अधिक असल्यास कान सामान्यतः ० व ९० अंशांवर येतात. कमी असल्यास ४५ अंशांवर.

प्रतिमाने : फॉन मिझेस यांचा १९१३ चा निकष पदार्थ समदिक मानतो. हिल यांनी १९४८ मध्ये त्यात दिशानुरूप सहगुणक घातले. साध्या ताणचाचणीवरून ते काढता येत असल्याने हा निकष सर्वत्र रूढ झाला. मात्र र = ०.६ असताना तो दोन्ही दिशांनी समान ताण दिल्यास पराभव प्रतिबल एकदिश ताणाच्या ०.८९ पट सांगतो. वुडथॉर्प व पिअर्स यांनी १९७० मध्ये ॲल्युमिनियमच्या अशाच कमी र असलेल्या पत्र्यांत ते एकपटीहून अधिक असल्याचे दाखविले. हॉसफर्ड यांच्या निकषात वर्गाऐवजी आठवा घात घेतल्यास हेच गुणोत्तर ०.९७ येते, उणीव घटते, पण संपत नाही. बार्लाट व सहकाऱ्यांच्या २००३ च्या प्रतिमानात आठ सहगुणक असून द्विदिश चाचणीची मूल्ये त्यात थेट वापरली जातात.

निष्कर्ष : चांदीची स्फटिकरचना ॲल्युमिनियमप्रमाणेच फलककेंद्रित घनीय आहे. म्हणून केवळ ताणचाचणीवरून हिल यांचा निकष तिला लावणे धोक्याचे ठरू शकते. किमान एक फुगवटा चाचणी करून द्विदिश प्रतिबल पडताळावे व मगच प्रतिमान निवडावे, हे शास्त्रीयदृष्ट्या अधिक योग्य होय.