पॅटागोनिया : ओसाड कोणी केला?

दक्षिण अमेरिकेचे निमुळते होत गेलेले दक्षिण टोक म्हणजे पॅटागोनिया. त्याचा पूर्वेकडील मोठा भाग अर्जेंटिनात येतो. तेथील सांताक्रूझ प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे २,४४,००० चौरस किलोमीटर. पण २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आतच भरली. दर चौरस किलोमीटरला दीड माणूसही नाही! २०११ साली महाराष्ट्रात हेच प्रमाण ३६५ होते. एवढी भूमी ओस का, हा प्रश्न भूगोलाचा विद्यार्थी म्हणून मला पडला.

पहिले उत्तर अर्थातच हवामानाचे. पॅसिफिकवरून वर्षभर वाहणारे पश्चिमी वारे आपले बाष्प अँडीज पर्वतावर रिते करतात. चिलीच्या बाजूस घनदाट अरण्ये, तर पूर्वेच्या पठारावर सुमारे २०० मिलिमीटर पाऊस आणि खुरटी झुडुपे. मी माणदेशातला, डोंगराने अडवलेल्या पावसाची कथा आम्हांस नवी नाही. परंतु पर्जन्यछायेत असूनही आमच्याकडे गावे आहेत. तेव्हा केवळ वाऱ्याला दोष देऊन भागत नाही.

दुसरे उत्तर जमिनीच्या वाटपात सापडते. या पठारावर पूर्वी तेवेल्चे लोक ग्वानाकोची शिकार करीत हिंडत. १८७८ ते १८८५ च्या लष्करी मोहिमांनी मूळ रहिवाशांचा मुलुख हिरावला आणि विस्तीर्ण जमिनी थोड्या हातांत गेल्या. पाठोपाठ फॉकलंड बेटांवरून मेंढ्या आल्या. विरळ गवतामुळे एका मेंढीस कित्येक एकर रान लागे. साहजिकच ‘एस्तान्सिया’ नावाचे प्रचंड मेंढवाडे उभे राहिले. कातरणीचा हंगाम सोडल्यास त्यांना मोजकीच माणसे पुरत. लोकर जहाजाने परदेशी गेली. मागे बाजारपेठा फारशा वाढल्या नाहीत. १९२१-२२ मध्ये संप करणाऱ्या शेकडो मजुरांना सैन्याने गोळ्या घातल्या. पुढे अतिचराईने जमीनही झिजली.

१९०७ साली कोमोदोरो रिवादाविया येथे पाण्यासाठी खोदताना तेल लागले. त्यावर शहरे वसली खरी. पण १९९० च्या दशकात सरकारी तेल कंपनीचे खाजगीकरण होताच हजारोंचा रोजगार गेला. न्यूकेन प्रांतातील कुत्राल-को येथे १९९६ मध्ये लोकांनी रस्ते रोखून धरले.

याच कोरड्या प्रदेशात एक वेगळे उदाहरणही आहे. १८६५ साली सुमारे दीडशे वेल्श माणसे चुबुत नदीच्या खोऱ्यात उतरली. त्यांनी कालवे खणले, गहू पिकवला, सहकारी व्यापारी संस्था काढली. गायमान, ट्रेलेव ही तेथली गावे आजही नांदती आहेत.

नदीकाठचे भाग्य सर्वच पठाराला लाभणार नाही, हे उघड आहे. तरीही पाऊस किती पडतो, यासोबत जमीन कोणाकडे आहे आणि तिचे उत्पन्न कोठे जाते, हेही दुष्काळी भागाच्या अभ्यासकाने विचारावयास हवे. माणदेशाविषयी हे प्रश्न आपण किती वेळा विचारतो?