चार्टर शाळा आपल्या मुलाला मानवेल का?
अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आईवडिलांपुढे मूल पाच वर्षांचे होत आले की प्रश्न उभा राहतो : नेहमीची सरकारी शाळा की चार्टर शाळा? अशा शाळांचा पहिला कायदा १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने केला. सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या या शाळेत फी नसते. अर्ज जास्त आले तर सोडत निघते. मात्र करारातील उद्दिष्टे न गाठल्यास शाळा बंदही होऊ शकते. म्हणून करार किती वर्षांचा, बसची सोय आहे का, हे आधी विचारावे. जमल्यास वर्ग चालू असताना पाहून यावे. शिस्त फार कडक असेल, तर आपले हळवे मूल तिथे रमेल का? शाळेचे नाव मोठे असले, तरी रोज तिथे जायचे आहे ते मुलालाच!