राजापूरचा लंबक आणि चार मायक्रोसेकंदांचे घड्याळ

राजापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला तिथली गंगा आठवते. साधारणपणे दर तीनेक वर्षांनी ती प्रकट होते, पण नेमकी केव्हा, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा या गावात वेळेच्या मोजणीचा एक घोळ निस्तरण्याची पाळी माझ्यावर आली, ही गंमतच म्हणायची.

तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात माझे एक मित्र भौतिकशास्त्र शिकवतात. सुट्टीत गेलो असता त्यांनी अकरावीच्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. प्रयोग नेहमीचाच: साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढणे. जवळजवळ प्रत्येक वहीत शेवटी एकच उत्तर होते, ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. खाली लाल शाईची बरोबरची खूण. मला हसू आले आणि जरा वाईटही वाटले. कारण प्रयोग बिनचूक झाला, तर राजापुरात हे उत्तर यायलाच नको.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. त्यामुळे हे त्वरण विषुववृत्तावर ९.७८० तर ध्रुवांवर ९.८३२ इतके असते. ९.८१ ही किंमत पॅरिस-लंडनकडची. ती पुस्तकांतून आपल्याकडे आली आणि इथेच राहिली. राजापूरचे अक्षांश साधारण १६ अंश ४० मिनिटे. तिथे समुद्रसपाटीला सूत्रानुसार किंमत येते ९.७८५. स्थळ बदलले की लंबकाची चाल बदलते, हे १६७२ साली झां रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आले होते. पॅरिसमध्ये लावलेले त्याचे लंबकाचे घड्याळ दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले आणि त्याला लंबक थोडा आखूड करावा लागला. रिशेने ९.८१ ची अपेक्षा धरून आकडे जुळवले असते, तर हा शोध तिथेच बुडाला असता.

मग आपली मुले आकडे का जुळवतात? कारण हाती धरायच्या स्टॉपवॉचने हा फरक दिसतच नाही. लंबकाची लांबी बरोबर एक मीटर असेल, तर ९.८१ ला आंदोलनकाल २.००६१ सेकंद येतो आणि ९.७८५ ला २.००८६ सेकंद. फरक एका आंदोलनात अडीच मिलिसेकंदांचा, वीस आंदोलनांत पन्नास मिलिसेकंदांचा. बटण दाबायला आपल्या बोटाला याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. उत्तर ९.७० ते ९.९० मध्ये कुठेही येते आणि मुले ते गुपचूप ९.८१ वर आणून ठेवतात.

माझे मित्र म्हणाले, ‘‘आमच्याकडे आर्डुइनो आहे. त्याने मोजू.’’ मी आनंदाने हो म्हटले. तंगूसला पितळी गोळा टांगला, भिंतीतल्या लोखंडी हुकाला तो बांधला आणि खाली एका बाजूला इन्फ्रारेड दिवा व दुसऱ्या बाजूला तो ओळखणारा ट्रान्झिस्टर बसवला. गोळा मधून गेला की किरण अडतो आणि बोर्डाला कळते. (तंगूस भाराने ताणते, म्हणून लांबी गोळा टांगल्यावरच मोजावी. गोळा किरण एका आंदोलनात दोनदा अडवतो, म्हणून एकाआड एक नोंद घ्यावी. झोका पाच अंशांपेक्षा मोठा नको. दहा अंश ठेवलात तर त्यानेच उत्तर सुमारे ०.०४ ने कमी येते.)

आता हा बोर्ड वेळ मोजतो कसा, ते पाहू. आपल्याकडचे जुने घटिकापात्र आठवा. तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे भांडे पाण्याच्या घंगाळात सोडायचे. ते चोवीस मिनिटांत भरून बुडते. जवळ बसलेला माणूस ते उचलून, रिकामे करून पुन्हा सोडतो आणि भिंतीवर एक रेघ ओढतो. मध्येच कोणी ‘किती वेळ झाला?’ असे विचारले, तर तो दोन गोष्टी पाहील: भिंतीवर रेघा किती आणि भांडे आत्ता किती भरले आहे.

मायक्रोकंट्रोलरमधला टायमर नेमका हाच आहे. आर्डुइनो उनोवरच्या चिपला सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके मिळतात. त्यांना ६४ ने भागून उरणारे ठोके, म्हणजे सेकंदाला अडीच लाख, एका छोट्या गणकाकडे जातात. त्यामुळे गणकाचे एक पाऊल चार मायक्रोसेकंदांचे. हा गणक शून्यापासून २५५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. हे त्याचे भांडे, १०२४ मायक्रोसेकंदांत भरणारे. भांडे भरले की तो चालू प्रोग्रॅमला थांबवून ‘रेघ ओढ’ असे सांगतो. या थांबवण्याला इंटरप्ट म्हणतात. रेघांचा हिशेब मात्र प्रोग्रॅमकडे, म्हणजे सॉफ्टवेअरकडे असतो. घटिकापात्रापेक्षा एक सोय अधिक: भांडे उचलून रिकामे करण्यात वेळ जात नाही, २५५ नंतरच्याच ठोक्याला गणक शून्यावर येतो.

आर्डुइनोमध्ये या हिशेबातून वेळ सांगणारी दोन तयार फंक्शने आहेत. ‘मिलिस’ मिलिसेकंद सांगते. पण भांडे १००० चे नसून १०२४ चे असल्यामुळे दर रेघेमागे २४ मायक्रोसेकंद शिल्लक राहतात. ते साठत जातात आणि सुमारे बेचाळीस रेघांनी एकदा आकडा एकाऐवजी दोनने पुढे सरकतो. लंबकासारख्या कामाला म्हणून ‘मायक्रोस’ वापरावे. ते रेघांना १०२४ ने गुणते आणि भांड्यातल्या पावलांचे चारपट त्यात मिळवते. त्याचा आकडा सुमारे ७१ मिनिटे ३५ सेकंदांनी संपून पुन्हा शून्यापासून सुरू होतो. पण चिन्हरहित पूर्णांकांची वजाबाकी केली, तर मधला काळ बरोबरच येतो. दहाला निघून दोनला पोचलो तर चार तास लागले, हे सांगताना बारावर आपण अडखळत नाही, तसेच हे.

अडीच मिलिसेकंदांच्या फरकात अशी ६४० पावले बसतात. तेव्हा काम सोपे, असे वाटले. मुलांनी वीस-वीस आंदोलनांचे दहा गट घेतले. सगळे गट दशांशाच्या चौथ्या स्थळापर्यंत एकमेकांशी जुळले: आंदोलनकाल २.०१२० सेकंद. गुरुत्वीय त्वरण ९.७५.

मित्रांचा चेहरा उतरला. ९.८१ नाही आणि माझे ९.७८ सुद्धा नाही. एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, आकडा तर जराही हलत नाही. मग चूक कशी असेल?’’

हा प्रश्न फार चांगला आहे. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा कितीही बारीक असल्या, तरी पट्टीच ताणली गेलेली असेल तर प्रत्येक मोजणी सारखीच चुकते. टायमरचे पाऊल चार मायक्रोसेकंदांचे आहे, असे चिप ठोक्यांवर विश्वास ठेवून म्हणते. ते ठोके देतो कोण? अस्सल उनो बोर्डावर मुख्य चिपला ठोके देतो एक सिरॅमिक रेझोनेटर. तो स्वस्त आणि मजबूत असतो, पण अर्ध्या टक्क्यापर्यंत इकडेतिकडे असू शकतो. अर्धा टक्का म्हणजे दिवसाला सात मिनिटे. साधा क्वार्ट्‌झ स्फटिक वापरला तर चूक दहा लाखांत वीस ते पन्नास इतकी, म्हणजे दिवसाला दोन ते चार सेकंद. सूत्रात आंदोलनकालाचा वर्ग येतो, म्हणून वेळेतली चूक उत्तरात दुप्पट होते. चांगला सराव असलेल्या हाताचे स्टॉपवॉचसुद्धा अशा बोर्डापेक्षा बरे ठरू शकते, हे मला आधीच सुचायला हवे होते.

तपासणी सोपी होती. मोबाइल फोनचे घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त होत असते. त्याच्याकडे पाहत बोर्डाला एकदा खूण दिली आणि बरोबर एका तासाने दुसरी. बोर्डाच्या मते मध्ये ३६०६.१ सेकंद गेले होते. म्हणजे तो ०.१७ टक्के घाईत होता. इथे बोटाची चूक फार तर दोन-तीन दशांश सेकंदांची, आणि ती ३६०० सेकंदांवर पसरलेली, त्यामुळे निरुपद्रवी. २.०१२० ला १.००१७ ने भागले: २.००८६. उत्तर आले ९.७८. लांबी आम्ही मिलिमीटरपर्यंतच मोजू शकत होतो, त्यामुळे तिसरे दशांश स्थळ आम्ही लिहिले नाही.

त्या मुलीचे तेवढ्यावर भागले नाही. चार मायक्रोसेकंद तिला जाड वाटू लागले. तिने चिपमधला दुसरा, सोळा बिटांचा टायमर ठोके न भागता चालवला. पाऊल एका मायक्रोसेकंदाचा सोळावा भाग आणि भांडे ४.०९६ मिलिसेकंदांचे. रेघा मोजायचा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला. नोंदी छान येऊ लागल्या, पण हजारात एखादे आंदोलन विचित्र निघे: २.०१२० ऐवजी २.००७९ आणि त्याच्या पुढचे २.०१६१. मित्रांनी दोन्ही नोंदींवर काट मारली. तिने मात्र वजाबाकी करून पाहिली. फरक दर वेळी ४.१ मिलिसेकंद, बरोबर एक भांडे.

घटिकापात्राकडे परत या. भांडे नुकतेच बुडाले, दुसऱ्यांदा तरंगू लागले, पण रेघ अजून ओढायची आहे. नेमक्या त्याच क्षणी कोणी वेळ विचारली. भांडे जवळजवळ रिकामे दिसते, रेघा मात्र जुन्याच. उत्तर एक घटिका कमी निघते. इथेही तेच होत होते. लंबकाचा इंटरप्ट चालू असताना रेघेचा इंटरप्ट खोळंबून राहतो. एक नोंद एका भांड्याने मागे पडली, की तिच्या आधीचा काळ तेवढा लहान दिसतो आणि नंतरचा तेवढाच मोठा.

उपाय असा: नोंद घेताना रेघांचा आकडा वाचा, मग भांडे वाचा, मग ‘भांडे भरले’ हा झेंडा उभा आहे का ते पाहा. झेंडा उभा असेल आणि भांडे जवळजवळ रिकामे असेल, तर एक रेघ राहून गेली आहे, ती मिळवा. भांडे जवळजवळ भरलेले असेल, तर ते वाचल्यानंतर बुडाले आहे, मिळवू नका. ‘मायक्रोस’च्या आत ही काळजी आधीच घेतलेली आहे. याहून चांगली सोय त्या सोळा बिटांच्या टायमरमध्येच आहे. उनोच्या आठ क्रमांकाच्या पिनेवर खूण आली, की टायमर स्वतःच त्या क्षणीचा आकडा बाजूला लिहून ठेवतो. प्रोग्रॅम पोचायला उशीर झाला तरी तो आकडा बदलत नाही. झेंड्याची तपासणी मात्र तेव्हाही करावीच लागते.

त्या बोर्डाला आता एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘तासाला ६.१ सेकंद पुढे’, खाली तारीख आणि खोलीचे तापमान. रेझोनेटर तापमानानेही बदलतो आणि ती तपासणी मे महिन्यातल्या दुपारी झाली होती. पाऊस लागला, जांभ्याच्या भिंती गार झाल्या, की ती मुलगी पुन्हा तासभर फोन घेऊन बसणार आहे.