तडीपारीचा आदेश आणि संचारस्वातंत्र्य : जुन्नर-आंबेगाव उपविभागाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नागरी स्वातंत्र्याविषयीच्या खटल्यांचा अभ्यास सामान्यतः सर्वोच्च न्यायालयाच्या गाजलेल्या निकालांपासून सुरू होतो. तथापि 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'पोलीस' हे दोन्ही विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत समाविष्ट आहेत. त्यामुळे नागरिकाच्या संचारावर प्रत्यक्ष निर्बंध घालणारे अनेक कायदे राज्य विधिमंडळाचे असतात आणि त्यांची अंमलबजावणी तालुका व उपविभाग पातळीवर होते. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) मधील हद्दपारीची, म्हणजेच तडीपारीची तरतूद हे त्याचे ठळक उदाहरण होय. या तरतुदीचे स्वरूप, तिच्यावरील न्यायालयीन नियंत्रण व त्या नियंत्रणाच्या मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कायद्याची चौकट

'तड' म्हणजे काठ, कड. काठापलीकडे घालवणे हा तडीपारीचा मूळ अर्थ. अधिनियमातील कलम ५५ टोळ्यांसंबंधी, कलम ५६ धोकादायक व्यक्तींसंबंधी आणि कलम ५७ विशिष्ट गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांसंबंधी आहे. यांपैकी कलम ५६ सर्वाधिक वादग्रस्त ठरले, कारण त्यासाठी न्यायालयात दोषसिद्धी होण्याची गरज नसते. व्यक्तीच्या हालचालींमुळे भीती, धोका किंवा हानी निर्माण होत असेल, अथवा ती हिंसक किंवा शरीर व मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांत गुंतली आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल आणि जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीमुळे साक्षीदार उघडपणे पुढे येत नसतील, तर सक्षम अधिकारी तिला विशिष्ट क्षेत्राबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकतो. कलम ५८ नुसार आदेशाची कमाल मुदत दोन वर्षे आहे.

या अधिकारावर कलम ५९ चा अंकुश आहे. आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप लेखी कळवणे, खुलाशाची वाजवी संधी देणे, साक्षीदार तपासण्याची व वकिलामार्फत बाजू मांडण्याची मुभा देणे ही कर्तव्ये त्यात नमूद आहेत. कलम ६० अन्वये तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. कलम ६१ मात्र न्यायालयीन आव्हानाची कारणे मर्यादित करते : विहित प्रक्रिया पाळली नाही, आदेशास आधारभूत सामग्रीच नव्हती, किंवा साक्षीदारांविषयी अधिकाऱ्याने आवश्यक ते मत बनवले नव्हते.

उपविभागातील वास्तव

ग्रामीण जिल्ह्यांत हा अधिकार प्रामुख्याने उपविभागीय दंडाधिकारी वापरतात. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचे प्रांत कार्यालय मंचर येथे आहे. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, मंचर किंवा घोडेगाव पोलीस ठाण्याच्या हद्दीतील प्रकरणाचा प्रस्ताव पोलिसांनी तयार करावा, चौकशी व्हावी आणि अंतिम आदेश दंडाधिकाऱ्यांनी द्यावा, असा हा क्रम आहे. प्रस्ताव मांडणारी व निर्णय देणारी अशा दोन्ही यंत्रणा कार्यकारी शाखेच्या आहेत. न्यायाधीशांचा संबंध येतो तो त्यानंतर.

आदेशाचे क्षेत्र हा कळीचा मुद्दा आहे. कायद्याने ते अधिकाऱ्याच्या स्वतःच्या हद्दीपुरते सीमित ठेवलेले नाही. जुन्नर तालुका ठाणे व अहिल्यानगर जिल्ह्यांना लागून आहे. माळशेज घाट उतरला की ठाणे जिल्हा लागतो. आळेफाट्याहून उत्तरेकडे गेले की संगमनेर. आदेशात लगतचे जिल्हे समाविष्ट झाले तर या परिसरातील व्यक्तीला घर, शेत आणि परिचित बाजारपेठ यांपैकी कशाच्याही जवळ राहता येत नाही. पश्चिम पट्ट्यातील आदिवासी कुटुंबाची उपजीविका भातखाचरे आणि हिरड्यासारख्या वनोपजांवर अवलंबून असते. ती सोबत नेता येत नाही. म्हणून क्षेत्र आणि मुदत यांची कारणमीमांसा म्हणजे केवळ तांत्रिक औपचारिकता नव्हे.

न्यायालयीन नियंत्रण

अशा तरतुदींची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयाने आरंभीच मान्य केली. १९५२ मध्ये गुरबचनसिंग प्रकरणात १९०२ च्या मुंबई शहर पोलीस कायद्यातील हद्दपारी वैध ठरली, तर १९५६ मध्ये हरी खेमू गवळी प्रकरणात १९५१ च्या अधिनियमातील कलम ५७ बहुमताने वैध ठरवण्यात आले. पुढे पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात न्या. यशवंत चंद्रचूड यांनी हा व्यक्तिस्वातंत्र्यावरील गंभीर आघात असल्याचे मान्य केले, परंतु साक्षीदारांची ओळख उघड होऊ नये म्हणून नोटिशीत आरोपांचा तपशील देणे बंधनकारक नाही, सर्वसाधारण स्वरूप पुरेसे आहे, असा निर्वाळा दिला.

त्यामुळे वादाचे केंद्र कायद्याच्या वैधतेवरून आदेशाच्या गुणवत्तेकडे सरकले. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहितीच्या अधिकाराचा वापर करणाऱ्या अमरावतीतील एका पत्रकाराविरुद्धचा हद्दपारीचा आदेश रद्द केला. २८ जानेवारी २०२२ रोजी जालना जिल्ह्यातील प्रकरणात न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांच्या पीठाने तत्त्वे अधिक स्पष्ट केली. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे. अनुच्छेद १९ (१) (ड) मधील हक्कावर तो निर्बंध घालतो, म्हणून निर्बंध वाजवीपणाच्या कसोटीस उतरला पाहिजे. जुन्या, संदर्भहीन झालेल्या गुन्ह्यांवर आदेश उभारता येत नाही. कमाल दोन वर्षांची मुदत ठरवताना कारणे नोंदवली नसतील, तर आदेश टिकत नाही. अशा आदेशामुळे व्यक्ती स्वतःच्या घरात कुटुंबीयांसह राहू शकत नाही आणि तिची उपजीविकाही हिरावली जाऊ शकते, याची दखल या निकालात घेतलेली आहे.

नियंत्रणाच्या मर्यादा

पुणे जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठाच्या अधिकारक्षेत्रात आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कार्यरत झालेल्या कोल्हापूर येथील खंडपीठाच्या कक्षेत पुण्याचा समावेश नाही. आंबेगावच्या रहिवाशाला अनुच्छेद २२६ खालील याचिकेसाठी मुंबईच गाठावी लागते. खर्चापेक्षाही वेळेचा प्रश्न अधिक बिकट आहे. अपील आणि याचिका प्रलंबित असताना, स्थगिती मिळाली नाही तर आदेशाची मुदत चालूच राहते. निकाल अनुकूल लागला तरी गेलेला हंगाम परत मिळत नाही.

शिवाय उच्च न्यायालय नव्याने साक्षीपुरावा घेत नाही. दंडाधिकाऱ्यांसमोरील कागदपत्रांचीच छाननी होते. नोटिशीला दिलेले उत्तर, जुन्या गुन्ह्यांत झालेल्या निर्दोष मुक्ततेच्या प्रती, क्षेत्र व मुदतीविषयी घेतलेला आक्षेप हे सर्व मंचरच्या संचिकेत नसेल, तर मुंबईत त्याचा आधार घेणे अवघड होते.

निष्कर्ष

तडीपारीची दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. दहशतीमुळे साक्ष देऊ न शकणारा गावकरीही नागरिकच असतो आणि त्याच्या संरक्षणासाठीच विधिमंडळाने ही तरतूद केली. परंतु साक्षीदाराच्या भीतीचे कारण पुढे करून ज्याला गावाबाहेर घालवले जाते, त्याला आपल्यावरील आरोप समजण्याचा हक्क उरलाच पाहिजे. हा समतोल प्रथम साधायचा असतो तो प्रांत कार्यालयातील सुनावणीत. उच्च न्यायालय चुकलेला आदेश रद्द करू शकते, गेलेला काळ परत देऊ शकत नाही. म्हणूनच नागरी स्वातंत्र्याच्या अध्यापनात सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांबरोबर कलम ५९ खालील नोटीस आणि तिचे उत्तर यांनाही स्थान मिळणे आवश्यक आहे.