विहिरीत पोहणारा कालव्यात का बुडतो? पाण्यात जीव वाचवायचं शिक्षण वेगळं असतं

बेलापूर : बेलापूर बुद्रुक आणि बेलापूर खुर्द, दोन्ही गावं प्रवरेच्या काठची. इकडे पोरांना पोहायला शिकवायची रीत ठरलेली आहे. पाठीला रिकामा डबा नाहीतर पांगाऱ्याचं वाळलेलं लाकूड बांधायचं, कमरेला दोर लावायचा आणि विहिरीत सोडायचं. थोड्या दिवसांत डबा सुटतो आणि पोरगं कठड्यावरून मुटके मारायला लागतं. घरचे निर्धास्त होतात. तरीही उन्हाळ्यात, पोळ्याला बैल धुताना किंवा गणपती विसर्जनाला पट्टीचे पोहणारे बुडाल्याच्या बातम्या येतातच.

विहिरीतलं पाणी थांबलेलं असतं. पायऱ्या कुठे आहेत ते माहीत असतं. अंगात फक्त चड्डी असते आणि वर चार माणसं उभी असतात. खरा अपघात असा कधीच होत नाही. माणूस कपड्यांसकट, चपलेसकट, ध्यानीमनी नसताना पडतो. पाणी वाहतं असतं, बाहेर यायला धरायला काही नसतं आणि जवळ पोहता न येणारं कुणीतरी गळ्यात पडतं. याची तयारी विहिरीत होत नाही.

प्रवरेनेच याचा मोठा धडा दिला. अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुक इथे २२ मे २०२४ रोजी दोन तरुण नदीत बुडाले. शोधासाठी धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली. २३ मे रोजी पाण्यातल्या भोवऱ्यात सापडून त्यांची बोट उलटली आणि दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. ज्यांचं कामच पाण्यातून माणसं काढण्याचं, त्यांना नदीने सोडलं नाही. मग गावातला कुणी नुसत्या हिमतीवर उडी मारणार असेल, तर त्याला काय म्हणायचं?

बंधाऱ्याचं पाणी नीट समजून घ्यायला हवं. भिंतीवरून पाणी खाली पडतं ते तळाला जातं, थोडं पुढे उसळून वर येतं आणि वरचा थर परत भिंतीकडे ओढला जातो. त्या चक्रात सापडलेला माणूस भिंतीकडे ओढला जातो, पडत्या पाण्याखाली दाबला जातो, पुढे वर येतो आणि पुन्हा ओढला जातो. भरीला पाण्यात हवेचे बुडबुडे भरलेले असल्याने ते अंगाला उचलूनही धरत नाही. इथे हातपाय मारण्यातलं कसब चालत नाही. वरून पाहिलं तर धार साधीच दिसते, घात तिथेच होतो. वाळू उपशाने पात्रात पडलेले खड्डे हा दुसरा घात. कमरेइतक्या पाण्यातून चालणारा पुढच्याच पावलाला डोक्यावर पाणी असलेल्या डोहात जातो.

बांगलादेशात मुलांसाठी जगण्यापुरतं पोहणं शिकवायचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. गावच्या तळ्यात बांबूचं मचाण बांधून तो चालतो. मुलाला यायला हवं ते एवढंच : २५ मीटर पोहणं, ३० सेकंद तरंगणं आणि पाण्यात न उतरता दुसऱ्याला बाहेर काढणं. नेदरलँड्समध्ये पोहण्याच्या परीक्षेत मुलांना कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरवतात. जपानच्या शाळांत कपड्यांसकट पाठीवर तरंगत मदतीची वाट बघायला शिकवतात. यातलं काहीच आपल्याला न जमण्यासारखं नाही.

आपल्याकडे शिकवायचं झालं, तर पहिला धडा तरंगण्याचा हवा, हात मारण्याचा नंतर. डोकं मागे टाकायचं, कान पाण्यात जाऊ द्यायचे, तोंड आभाळाकडे, छातीत हवा, तळहात हळूहळू हलवत राहायचे. पाय थोडे खाली गेले तरी चालतं. मुलं इथे कान भिजतात म्हणून मान वर उचलतात आणि लगेच बुडतात. म्हणून हे छातीभर पाण्यात, शिकवणाऱ्याचा हात पाठीखाली ठेवून, पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. जमलं की हेच शर्ट-पँट घालून, मग पाठमोरं पाण्यात पडून. ओले कपडे खाली ओढतात अशी समजूत आहे. पाण्यात असेपर्यंत त्यांचं वजन फारसं जाणवत नाही, उलट अडकलेली हवा थोडा वेळ आधार देते. जड होतात ते बाहेर चढताना. साडीचं मात्र वेगळं आहे, ती पायात गुंडाळते. म्हणून बायकांना आणि मुलींनाही हे शिकवायला हवं, त्यांच्या वेळेला आणि शिकवायला बाईच ठेवून. कपडे धुताना एक घसरली, तिला धरायला दुसरी आणि तिला धरायला तिसरी, या घटना ग्रामीण भागाला नव्या नाहीत.

कालव्याला आवर्तन सुटलेलं असताना कुणी पडलं, तर प्रवाहाच्या उलट पोहायचं नाही. पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि तिरकं काठाकडे सरकत राहायचं. पुढे मोरी किंवा सायफन येण्याआधी काठ गाठायचा. हा सराव भरल्या कालव्यात मात्र करायचा नाही. त्याची जागा उथळ पाण्यात, लाईफ जॅकेट घालून, दोर धरणारा माणूस काठावर ठेवून.

शेततळं सगळ्यात फसवं. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि रानोरान तळी झाली. अस्तराचं प्लास्टिक, त्यावर शेवाळ आणि उतार, यामुळे पोहणाराही बाहेर चढू शकत नाही. दमतो आणि बुडतो. यावर प्रशिक्षणापेक्षा दोर स्वस्त. चारही बाजूंना खुंट्याला बांधलेले, हातभर अंतरावर गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवायचे. एका कोपऱ्यात टायरची शिडी आणि भोवती कुंपण.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हेही ओळखता यायला हवं. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही. हात हलवून बोलावत नाही, दोन्ही बाजूंनी पाणी खाली दाबत राहतो. लांबून तो खेळतोय असं वाटतं. हे एखाद मिनिटाच्या आत संपतं.

अशा वेळी आधी काठावरून काही पुढे करा : काठी, फांदी, पाइप, साडी. स्वतः पोटावर झोपा, नाहीतर तुम्हीही ओढले जाल. लांब असेल तर तरंगणारं काही फेका. झाकण घट्ट लावलेला १० लिटरचा रिकामा कॅन माणसाचं तोंड पाण्यावर ठेवायला पुरतो. आत पेलाभर पाणी ठेवलं तर तो वाऱ्याने उडत नाही, नेमका जातो. दोर बांधलेला असा एक कॅन विहिरीवर, घाटावर आणि विसर्जनाच्या जागी टांगून ठेवायला फार खर्च नाही. होडीच्या बाबतीत लाईफ जॅकेटला पर्याय नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, एक जण पोहून काठाला लागला आणि सहा जण गेले. उडी मारून जाणं हा शेवटचा मार्ग, आणि तोही सराव असलेल्यानेच. बुडणाऱ्याने मिठी मारलीच तर वर जायला धडपडू नका, खाली बुडी घ्या. त्याला वर राहायचं असतं, तो हात सोडतो.

बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, पोट दाबणं, गोल फिरवणं, हे सगळं बंद करा. त्यात वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जाऊ शकते. श्वास चालू नसेल तर नाक दाबून तोंडाने आधी श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाब आणि २ श्वास, असं १०८ ची गाडी येईपर्यंत चालू ठेवा. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. माणूस उठून बसला, बोलला, तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होतो.