ब्रॉडबॉकचे शेत

पीक काढणे म्हणजे जमिनीजवळचे अन्न घेणे होय. धान्य आणि काड घरी येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर नत्र, स्फुरद व पालाश ही द्रव्येही शेताबाहेर जातात. ती परत कशी द्यावीत? शेणखताने की रासायनिक खतांनी? हा प्रश्न एका हंगामात सुटणारा नव्हे. जमिनीचा स्वभाव हळूहळू पालटतो. तो पाहावयास माणसाचे एक आयुष्यही अपुरे पडते.

इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेस रॉथॅमस्टेड येथे ब्रॉडबॉक नावाचे शेत आहे. त्याचे मालक जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेट या खताचे पेटंट घेतले व पुढे त्याचा कारखाना चालविला. १८४३ मध्ये जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी या शेतात गव्हाचा प्रयोग आरंभिला. शेताचे लांब पट्टे पाडले. एका पट्ट्यास कोणतेच खत द्यावयाचे नाही. दुसऱ्यास दरवर्षी हेक्टरी सुमारे ३५ टन शेणखत. इतरांस रासायनिक खतांची निरनिराळी मिश्रणे. काही भागांत तर आजही वर्षानुवर्षे गहूच पेरला जातो.

त्या काळी लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे मत असे होते की, पिकास पुरेसे नत्र हवेतून मिळते. मातीत केवळ खनिजे घालावीत. ब्रॉडबॉकच्या पट्ट्यांनी निराळा निर्णय दिला. खनिजे भरपूर असूनही नत्रावाचून गहू खुरटाच राहिला.

बिनखताच्या पट्ट्याने अजूनही हात टेकलेले नाहीत. पण तेथे गहू हेक्टरी १ टनाच्या आसपासच पिकतो. योग्य प्रमाणात रासायनिक खत दिलेला पट्टा व शेणखताचा पट्टा यांचे उत्पन्न मात्र कित्येक दशके जवळजवळ सारखे राहिले. मग दोन्ही खते सारखीच म्हणावीत काय?

तसे नव्हे. फरक मातीत होता. शेणखताच्या पट्ट्यात सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला. तेथील माती भुसभुशीत झाली, पाणी अधिक धरू लागली, तीत गांडुळे वाढली. पुढे नवे, अधिक पिकणारे वाण आले, तेव्हा शेणखतास नत्राची जोड दिलेल्या पट्ट्याने बहुधा सर्वांत भरघोस पीक दिले.

तथापि शेणखतही निर्दोष नाही. पिकास नको त्या वेळी सुटलेले नत्र पावसाच्या पाण्याबरोबर खाली वाहून जाते, हे पट्ट्यांखालील निचऱ्याच्या नळांतील पाण्यावरून दिसून आले. उलट, शेजारच्या पार्क ग्रास या कुरणात अमोनियम सल्फेट वर्षानुवर्षे दिल्याने माती आंबट झाली आणि गवताच्या व फुलझाडांच्या अनेक जाती तेथून नाहीशा झाल्या. अशा मातीस चुना द्यावा लागतो.

लॉज यांनी १८८९ मध्ये मोठी रक्कम देऊन या प्रयोगांसाठी विश्वस्त निधी स्थापन केला. १९०० मध्ये लॉज व १९०१ मध्ये गिल्बर्ट निवर्तले. प्रयोग मात्र आजही चालू आहे. स्वतः खताचा कारखानदार असूनही लॉज यांनी शेणखताच्या पट्ट्यास न्याय दिला, ही त्यांची थोरवी होय.

रासायनिक खत पिकास त्वरित अन्न देते. शेणखत पिकाबरोबर मातीसही पोसते. म्हणून शहाणा शेतकरी दोहोंचा मेळ घालतो आणि यंदाच्या राशीबरोबरच पुढील पिढीच्या जमिनीकडेही पाहतो.